मुक्या राजाचे कारभारी

बुकित बातोक, सिंगापूर
१४ जून २०१५

चैत्राली,

व्हॉट्सअ‍ॅपवर तू मला ब्लॉक केलंस आणि ईमेल बहुधा न वाचताच उडवतेस, म्हणून हा कागद. पोस्टाच्या काउंटरवरच्या बाईने पाकीट उलटसुलट करून बघितलं. तिला वाटलं असेल, आत काहीतरी सरकारी आहे. तुझ्या आईचा कर्वेनगरचा पत्ता माझ्याकडे होताच. फाडायचं असेल तर खुशाल फाड, फक्त अर्ध्यापर्यंत वाचून फाड.

आज रविवार. सकाळी बुओना व्हिस्टाला सरांकडे जाऊन आलो. आपल्या भाषांतर प्रकल्पाचं वाचन अजून चालू आहे. तुझी खुर्ची काकूंनी भिंतीला लावली आहे आणि तिच्यावर औषधांची टोपली असते. पोहे होतात. सर चाकाच्या खुर्चीत, टेबलापाशी. जानेवारीत अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून उजवी बाजू गेली ती गेलीच. बोलणं नाही. घशातून 'हं' एवढं निघतं. पण डोळे तेच, आपण काही वेडंवाकडं बोललो की बारीक होणारे.

मी चिनी ओळ वाचतो, मग तिचं मी केलेलं मराठी वाचतो, आणि सर मान डोलावतात. त्या मानेवर हुरळून जायचं नाही हे आपल्याला माहीत आहे. तू पहिल्याच रविवारी आख्खा परिच्छेद चुकीचा वाचलास, सर मान डोलावत राहिले, आणि तू माझ्याकडे काय ऐटीत बघितलं होतंस. मग सरांचं टेबलावरचं बोट उचललं गेलं आणि तुझा चेहरा पडला. मान म्हणजे 'ऐकतोय, पुढे चल'. बोट म्हणजे 'चुकलं, परत बघ'. तोंडाने चूक सांगायची नाही, ज्याची त्याने शोधायची, ही त्यांची शिकवायची रीत. नवा माणूस मानेला भुलतो. बोटाकडे बघायला शिकलो ते आपण तिघंच, तू, मी आणि अमेय.

आता उजवं बोट निकामी झालंय, तर डावं उचलतात. परवा मी एका पदवीचं नाव चुकवलं तेव्हा लगेच उचललं. म्हणजे माणूस आत शाबूत आहे.

तुझा राग कशावर आहे ते मला कळतं. मार्चमधल्या त्या बैठकीत अमेयने सरांना विचारलं, चैत्रालीचं काम मागे पडलंय, तिचं कॉन्ट्रॅक्ट वाढवायला नको ना? सरांनी मान डोलावली. बाहेर पडताना तू मला विचारलंस, अनिश, बोट वर होतं ना? मी म्हटलं, मी पाहिलं नाही. अगं, खरंच पाहिलं नाही. मी चहा ओतत होतो. पाच कप मांडलेले, त्यात सरांचा बिनसाखरेचा. माणसाचं लक्ष किती ठिकाणी असणार?

तेवढ्यावरून लग्न मोडतं का? हे मी विचारत नाही, नुसतं लिहितोय.

अनिश


बुकित बातोक
२ ऑगस्ट २०१५

चैत्राली,

उत्तर नाही. बरं.

आता आपण कुठवर आलोय ते सांगतो, कारण तुझ्या हातून सुटलेला भाग नेमका रंगात आलाय. जिन घराण्याचा आन हा राजा गादीवर बसला. नावाचा राजा. त्याला जन्मात बोलता आलं नाही. थंडी कुठली, उन्हाळा कुठला, पोट भरलंय की रिकामं आहे, काही कळायचं नाही. मग राज्य कोणी करायचं? काकाने. काका दाओझी, दारूत बुडालेला. त्याच्या आजूबाजूला लाळघोटे जमले आणि पदं विकायला लागले. सुभेदार सैन्य घेऊन राजधानीवर चालून आले, की या लाळघोट्यांना आधी मारा. काकाने घाबरून आपल्याच लाडक्या माणसाला मरायला लावलं आणि सुभेदाराची माफी मागितली. तरी अक्कल आली नाही. पुढे काका दारू आणि दुखणं यांत पडलेला असताना त्याच्या कोवळ्या पोराने, युआनश्यानने, बापाचाच अधिकार स्वतःकडे लिहून घेतला. बाप शुद्धीवर आल्यावर नुसता आरडाओरडा करत बसला. मग पोराने, गुलामीतून सुटलेली कुळं धरून आणून सैन्यात कोंबायचा हुकूम काढला आणि सगळा पूर्व किनारा पेटला. यातल्या प्रत्येक हुकुमावर नाव मात्र त्या मुक्या राजाचं.

काकाच्या पदाला मराठीत काय म्हणायचं यावर सरांनी तुला आणि मला दोन रविवार भांडायला लावलं होतं. तुझं 'राजप्रतिनिधी', माझं 'कारभारी'. सरांनी माझं घेतलं होतं. तो विजय मी अजून जपून ठेवलाय.

इकडे आपल्याकडे हुकूम ईमेलने निघतात. 'प्रोफेसर प्रबोध केळुसकर यांच्या सूचनेनुसार.' खाली सही अमेयची. सरांच्या सूचनेनुसार अमेय ताइपेला परिषदेला जाऊन आला. सरांच्या सूचनेनुसार अमेयचा मेहुणा प्रकल्पावर संशोधन सहायक म्हणून आला. तो सेम्बावांगला अमेयच्याच फ्लॅटमध्ये राहतो आणि चिनी म्हणून त्याला जे काही येतं ते हॉकर सेंटरमध्ये नूडल्स मागण्यापुरतं. सरांच्या सूचनेनुसार मुखपृष्ठावर आता अमेयचं नाव सरांच्या शेजारी, त्याच अक्षरांत. दर वेळी तो आधी सरांकडे येतो, वाकून, प्रेमाने, कानाशी विचारतो. खोटं बोलत नाही गं तो. विचारतो, आणि सर मान डोलावतात.

तू गेलीस त्याच्या आदल्या दिवशी त्याला दाओझी म्हणाली होतीस. मला ते जास्त वाटलं. चाकाची खुर्ची अमेयने स्वतःच्या पैशाने आणली. सरांना उचलून न्हाणीघरात नेतो, त्यांची घाण काढताना नाक मुरडत नाही. आणि तो नसता तर प्रकल्प झटक्यानंतर महिनाभरात बंद पडला असता, माझा इथला कामाचा पास गेला असता, मी तुझ्या शेजारच्या गल्लीत बेकार फिरत असतो. हेही लिहायला हवं.

अनिश


बुकित बातोक
२७ सप्टेंबर २०१५

चैत्राली,

तू गेलीस ते एका परीने बरं झालं, निदान हा धूर तरी चुकला. सुमात्राची जंगलं जळतायत आणि आपण इथे खोकतोय. परवा शाळाच बंद ठेवल्या. समोरचा ब्लॉक दिसत नाही. एमआरटीच्या डब्यात सगळे मास्क लावून, एकमेकांकडे संशयाने बघत.

सरांना खोकला झालाय. काकूंनी झोपायची खोली सगळीकडून टेप लावून बंद केली आणि राईस कुकर, मेतकूट, तुपाची बरणी, सगळं आतच नेलं. सरोजिनीकाकू आता त्या खोलीतच स्वयंपाक करतात आणि तिथेच जमिनीवर गादी टाकून झोपतात. भात आधी स्वतःच्या ओठाला लावून बघतात, मग भरवतात. सरांना गरम कळतं, पण सांगता येत नाही. मदतनीस बाई ठेवा म्हणून अमेयने किती वेळा सांगितलं. काकू म्हणतात, माझ्या हाताला काय झालंय.

मला दवेन आठवला. मुक्या राजाचा धाकटा भाऊ. राजाला कपडे घालणं, भरवणं, निजवणं सगळं त्याने केलं. बंडात दोघं भाऊ कैदेत पडले तेव्हा एक बंडखोर भाला घेऊन घोड्यावरून थेट राजासमोर आला. माझ्या घराण्याने तुमचं काय वाईट केलं होतं, म्हणून आमची अशी कत्तल केलीत? राजा काय बोलणार. दवेन बैठकीवरून खाली उतरला आणि म्हणाला, "यात आम्हा भावांची इच्छा होती का?" ही ओळ वाचली तेव्हा सरांनी डोळे मिटले होते.

आता मुद्द्याचं. अमेयने आज काकूंपाशी विषय काढला. मार्चअखेर प्रकल्पाची तपासणी आहे. काम करू शकणारा प्रमुख नसेल तर विद्यापीठ गुंडाळून टाकेल आणि आम्हा सगळ्यांचे पास जातील. त्यापेक्षा सरांनी आपण होऊन पद सोडावं, अमेय प्रमुख होईल, सरांचं नाव संस्थापक म्हणून राहील. अर्थात नोकरी गेली की सरांचा पास जातो, काकूंचा जातो, विद्यापीठाने दिलेला हा फ्लॅट जातो. पुण्याला परत. तिथे कोथरूडचं त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. त्यांना मूलबाळ नाही हे तुला माहीत आहे.

काकूंनी ऐकून घेतलं. सगळ्यांना चहा ओतला, त्या दिवशीसारखाच, आधी अमेयला. मग म्हणाल्या, "ते अजून काम करतात." अमेय म्हणाला, सर काय काम करतात काकू? काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी सांगायला हवं होतं, की मी दर रविवारी वाचतो आणि सर बोटाने चुका काढतात, तुझ्यामाझ्यापेक्षा अजून जास्त काढतात. मला खोकल्याची उबळ आली.

शेवटी अमेय म्हणाला, ठीक आहे, सरांनाच विचारू. काकू म्हणाल्या, विचार, पण मी समोर असताना.

वरचा चहाचा भाग खोडणार होतो. पेनाने लिहिलंय, खोडलेलं दिसतं. राहू दे.

अनिश


बुकित बातोक
२० डिसेंबर २०१५

चैतू,

पाकिटावर तुझं अक्षर बघितलं आणि लिफ्टची वाट न बघता जिन्याने वर आलो. आत एक कागद, त्यावर एक ओळ.

'सरांच्या बोटाकडे बघ.'

ना नाव, ना तारीख. चहाबद्दल चकार शब्द नाही, म्हणजे तुला मार्चमध्येच ठाऊक होतं, चहा कोणी ओतला ते. मग एवढे महिने मला का लिहू दिलंस? जाऊ दे. उत्तर आलं हेच खूप.

बघतोय मी. आज मुद्दाम बघितलं. राजाच्या शेवटाकडे आलोय. काका आणि त्याचा पोरगा केव्हाच मेलेत, बंडखोरही गेले, आता सगळी सत्ता सेनापती ल्यू यू याच्याकडे आहे आणि त्याला राजा नकोसा झालाय. त्याने एका माणसाला विष घालायला पाठवलं. तो माणूस राजाच्या नोकरांशी संधान बांधतो. मी 'नोकर' वाचलं आणि डावं बोट उचललं गेलं. 'सेवक' म्हटलं, बोट वरच. 'हुजरे', वरच. मूळ शब्दाकडे परत गेलो. तिथे शब्दशः लिहिलंय डावीकडचे आणि उजवीकडचे. मी म्हटलं, "आसपासची माणसं?" बोट हळूच टेबलावर आलं. मग सर माझ्याकडे बराच वेळ बघत होते. त्या माणसांची नावं इतिहासात नाहीत. राजाची, भावाची, मारेकऱ्याची आहेत, यांची नाहीत.

अमेयने मला गुरुवारी जेवायला नेलं. माझा पास एप्रिलमध्ये संपतो. तो म्हणाला, मी प्रमुख झालो तर तुला वरची जागा देतो, तीन वर्षांची. चैत्रालीलाही परत बोलावता येईल, मनात अढी नाही माझ्या. मी नुसतं ऐकून घेतलं. मान डोलावली असेन कदाचित.

तू परत येशील का? हे विचारायला पत्र लिहिलंय असं समजू नकोस. पण विचारतोय.

अनिश


बुओना व्हिस्टा, सरांच्या घरून
१४ फेब्रुवारी २०१६

चैतू,

काकूंना डेंगी झालाय. या वर्षी इथे घरोघरी आहे. आठवडाभर अंगात ताप घेऊन भात भरवत होत्या, कोणाला पत्ता लागू दिला नाही. शेवटी ओट्यापाशी कोसळल्या. प्लेटलेट्स खूप उतरल्यात, ड्रिप लावलंय. मी अ‍ॅम्ब्युलन्समध्ये चढवून दिलं तर स्ट्रेचरवरून माझं मनगट धरलं.

"मी येईपर्यंत त्यांना एकटं सोडू नकोस, अनिश. कोणी काही विचारायला आलं तर म्हणावं, काकू आल्या की या."

मी हो म्हटलं. म्हणून इथेच राहतोय, त्यांच्या गादीवर. भात ओठाला लावून बघतो. सर खातात, पण डोळे दाराकडे. विंगच्या लिफ्टचा आवाज आला की मान तिकडे वळते.

अमेयचा फोन आला. काकूंची चौकशी केली, पपईच्या पानांचा रस द्या म्हणाला. मग म्हणाला, सरांची संमती लिहून घ्यायला विद्यापीठाच्या ऑफिसच्या मिस लिम शुक्रवारी मोकळ्या आहेत. मी सांगितलं, काकू आल्यावर बघू. तो म्हणाला, डेंगीचा काय भरवसा. हे काळजीने म्हणाला की कसं, मला ओळखू आलं नाही.

आज वाचन केलं नाही. पुढचं पान ज्या प्रसंगाचं आहे तो तुला माहीत आहे. दवेन राजाजवळून हलतच नाही, त्याच्याबरोबर खातो, त्याच्याबरोबर झोपतो, म्हणून मारेकऱ्याला संधी मिळत नाही. मग दवेन आजारी पडतो आणि महालाबाहेर जातो. हे सरांपुढे कसं वाचू?

तू म्हणशील, इतकं कळतंय तर मग आता तरी तोंड उघड. उघडीन. शुक्रवारी मी इथे आहे ना.

अनिश


बुओना व्हिस्टा
२१ फेब्रुवारी २०१६

चैत्राली,

जे झालं ते झालं तसं लिहितो.

शुक्रवारी अमेय मिस लिमना घेऊन आला. बाई भल्या आहेत. सरांसाठी संत्री आणली होती, चिनी नवं वर्ष सरत होतं म्हणून. चपला दाराबाहेर काढल्या, सरांसमोर खाली बसल्या, त्यांच्या डोळ्यांत बघून सावकाश इंग्रजीत बोलल्या. मी सकाळपासून मनात वाक्य घोळवत होतो. सरांचा नकार बोटात असतो, मानेत नाही. एवढंच सांगायचं होतं. शाळकरी पोर सांगू शकलं असतं.

अमेयने विचारलं. सर, तुम्हाला आता विश्रांती हवी आहे, प्रकल्प माझ्याकडे देऊन तुम्ही आणि काकू पुण्याला जाल ना? सरांनी मान डोलावली. नेहमीसारखी, पुढे चल म्हणणारी.

आणि टेबलावरचं डावं बोट उचललं गेलं. थरथरत होतं पण ताठ, कधी नव्हे इतकं वर.

मी बघत होतो. अमेयही बघत होता, चैतू. त्याने शांतपणे त्या हातावर आपला हात ठेवला, धीर द्यावा तसा, आणि बोट खाली गेलं. मिस लिमना वाटलं, किती प्रेमळ शिष्य आहे.

पण बाई हुशार. त्या म्हणाल्या, मान हलवतायत पण मला खात्री नाही, तुम्हा लोकांची मान हलवण्याची पद्धत मला कळत नाही. मग माझ्याकडे वळल्या. तुम्ही दर आठवड्याला यांच्याबरोबर वाचता असं ऐकलंय. तुम्ही सांगा. यांना मान्य आहे का?

अमेयने माझ्याकडे बघितलंही नाही. सरांनी बघितलं. त्या नजरेत विनवणी नव्हती. वाचनाला बसल्यावर असायची तीच नजर होती, चूक तुझी तू शोध म्हणणारी.

एप्रिल डोळ्यांसमोर आला. रिकामी बॅग घेऊन तुझ्या दारात उभा राहिलेला मी दिसलो.

"हो," मी म्हटलं, "त्यांना मान्य आहे."

बाईंनी लिहून घेतलं, सरांच्या अंगठ्याचा ठसा घेतला. अमेयने जाताना माझ्या खांद्यावर थोपटलं आणि संत्रं सोलून सरांच्या हातात दिलं. ते तसंच हातात राहिलं.

काल काकू घरी आल्या. निम्म्या झाल्यात. मी सांगायच्या आत त्यांना कळलं होतं, अमेयने हॉस्पिटलमध्ये फोन करून सांगितलं होतं, अभिनंदन केल्यासारखं. त्यांनी सरांचं अंग पुसलं, सदरा बदलला, तेव्हा कुठे माझ्याकडे वळल्या.

"त्यांना विचारलंत?"

"हो काकू. मान डोलावली."

"आणि बोट?"

"मी पाहिलं नाही."

हेच वाक्य तोंडातून बाहेर पडलं गं, जसंच्या तसं. त्यांनी मान हलवली आणि भात लावायला आत गेल्या. मला शिव्या घातल्या असत्या तर मी पाया पडलो असतो.

अनिश


बुकित बातोक
२० मार्च २०१६

चैत्राली,

तुला हे पत्र मिळेल तोवर सर आणि काकू पुण्यात असतील. उद्या सकाळचं विमान आहे, मुंबईपर्यंत, पुढे गाडी. अमेयने सगळी व्यवस्था उत्तम केली. विमानतळावर खुर्ची, बरोबर एक नर्स. फिजिओथेरपी करणारी मुलगी शेवटच्या दिवशी रडली, म्हणाली आता कुठे डाव्या हातात जोर येत होता. डॉक्टरांनी प्रवास टाळा असं लिहून दिलं होतं. पास संपलेल्या माणसाला ते लागू नसतं.

माझा पास वाढला. तीन वर्षं. फोनवर मेसेज आला तेव्हा मी सरांच्या पुस्तकांची खोकी बांधत होतो. पुस्तकं पुण्याला जाणार नाहीत, त्या घरात जागा नाही. ती अमेयच्या ऑफिसात जातील.

आज शेवटचा रविवार. घर रिकामं, फक्त टेबल आणि दोन खुर्च्या. काकूंनी पोहे केले. मला वाटलं होतं, दारातूनच हाकलतील. पण त्यांनी तुझी खुर्ची भिंतीपासून ओढून मला दिली आणि म्हणाल्या, ते वाट बघतायत, वाच.

म्हणून ते पान उघडलं. दवेन आजारी पडून बाहेर जातो ते. कपड्याचा पीळ करून मुक्या राजाचा गळा आवळतात, ती ओळ समोर होती. ती मला उच्चारवेना. जीभ अडखळली आणि मी भलतंच वाचून बसलो. मी वाचलं, दवेन त्या दिवशीही भावाजवळच होता.

बोटाकडे बघितलं. डावा हात टेबलावर, पालथा. बोट हललं नाही.

वाटलं, लक्ष नसेल. पण सर माझ्याकडेच बघत होते आणि मान डोलावत होते. मी पुढचं वाक्य जाणूनबुजून चुकवलं. मारेकरी आल्या पावली परत गेला. बोट खालीच. सेनापतीने राजाची क्षमा मागितली. खालीच. मग मला काय झालं कोणास ठाऊक, मी पुस्तक मिटलं आणि बोलत सुटलो. राजाला वाचा फुटली, त्याने सगळे हुकूम रद्द केले, तो म्हातारा होऊन आपल्या अंथरुणात मेला, भाऊ उशाशी होता. एकेक धडधडीत खोटं. जन्मात ज्या माणसाने माझी एक मात्रा सोडली नाही, त्याच्यासमोर मी इतिहासाचा खून करत होतो आणि हात जोडून मनात म्हणत होतो, उचला सर, एकदा उचला.

ते मान डोलावत राहिले. पुढे चल, पुढे चल.

काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. आत आल्या, सरांचा तो हात उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला आणि शाल नीट केली. मला म्हणाल्या, "त्या शुक्रवारपासून उचलत नाहीत."

मी पोहे न खाता आलो.

आता तुझ्याकडे एक मागणं आहे, आणि ते माझ्यासाठी नाही. तू परत येऊ नकोस, मला ठाऊक आहे तू येणार नाहीस. कोथरूडचा पत्ता खाली लिहिलाय. तिसरा मजला. एखाद्या रविवारी जा. समोर बस, काहीही वाच, आणि चूक. मोठी चूक कर, त्यांना चीड येईल अशी. माझ्यासमोर नसतील उचलत, तुझ्यासमोर कदाचित उचलतील.

उचललं, तर मला एका ओळीत कळव. नाही उचललं, तर काही लिहू नकोस.

अनिश